वरचे आठ मीटर खरे होते

तागा आला त्या दिवशी मी तो पूर्ण उलगडला नाही. वरचे दोन-तीन वेढे सोडले, कापडावरून हात फिरवला, उलटं करून पाहिलं आणि ट्रान्सपोर्टवाल्याच्या वहीत सही केली. त्या एका सहीत माझे ४६,५०० रुपये गेले. पैशांचं दुःख आहेच, पण त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. त्या मालातून शिवलेल्या, दोर ठेवायच्या पाच पिशव्या अजून कुणाच्या तरी वापरात आहेत. आणि तसाच नमुना हातात घेऊन मला तो तागा विकणारा दलाल आणखी कुणाच्या तरी दारात उभा असेल.

मी नाशिकला सिडकोत राहते. घराच्या मागच्या खोलीत जाड शिलाईची दोन मशीनं आहेत, मदतीला एक मावशी येतात. दप्तरं, ताडपत्रीची कव्हरं, गाड्यांच्या सीटा अशी कामं आम्ही करत आलो. चार वर्षांपूर्वी झाडांवर चढून फांद्या उतरवणारा एक मुलगा खताच्या गोणीत कोंबलेला दोर घेऊन आला. "ताई, यापेक्षा बरं काहीतरी शिवून द्या," म्हणाला. मी गोणीत हात घातला. तळाशी माती, लाकडाचा भुसा आणि करवतीच्या चेनचं तेल यांचा चिकट लगदा होता. त्याच दोरावर तो मुलगा दिवसभर लटकायचा. वाळूचा बारीक कण दोरात शिरला की दोर वाकेल तसतसा तो आतले तंतू कापत जातो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हे त्याने मला सांगितलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून दोराच्या पिशव्या हे माझं आवडतं काम झालं. ही मुलं साधारण ४५ मीटर लांब आणि ११ ते १३ मिलिमीटर जाड दोर वापरतात. त्याचं वजन चार-पाच किलो भरतं. दोराचं वेटोळं घातलं तर त्यात पीळ बसतो आणि वर चढल्यावर गाठी पडतात. त्यापेक्षा दोराचं एक टोक पिशवीच्या तळाशी बांधायचं आणि बाकीचा दोर हाताने जसा येईल तसा आत भरत जायचा. शेवटी भरलेला भाग आधी बाहेर येतो, आणि दोर कुठे अडकत नाही. म्हणून पिशवी गोल हवी, तोंड रुंद हवं, आणि जमिनीवर ठेवली की ती आपली आपण उभी राहायला हवी.

माझा फर्मा २८ सेंटीमीटर व्यासाचा आणि ४० सेंटीमीटर उंचीचा आहे. घेर ८८, शिवणीला तीन धरून ९१. तळ दुहेरी कापडाचा, त्याला पाणी निथळायला चार आयलेट, म्हणजे कडी बसवलेली भोकं, आणि आतून दोराची दोन्ही टोकं बांधायला दोन फास. चेन लावत नाही, कारण भुशाने चेन आठवड्यात अडते. वर हलक्या कापडाचा गळा आणि नाडी. तोंड उघडं राहावं म्हणून काठात काय घालावं हे सुचत नव्हतं. तार घातली तर गंजायची, वेत ओला झाला की वाकायचा. शेवटी माहेरी, दिंडोरीकडे, द्राक्षबागेच्या बांधावर ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची नळी पडलेली दिसली. तिचं कडं करून काठात शिवलं आणि काम झालं. उचलायचा पट्टा, ज्याला आम्ही बेल्ट म्हणतो, तो एका बाजूने सुरू होऊन तळाखालून दुसऱ्या बाजूला वर येतो. त्यामुळे वजन शिवणीवर न येता पट्ट्यावर येतं. टोकाला चौकटीचा टाका आणि आत फुली. पिशवीवर माणूस लटकत नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगते. पण ज्या दोरावर माणूस लटकतो तो दोर या पिशवीत झोपतो.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी एकदम शंभर पिशव्यांची मागणी आली. पावसाआधी धोक्याच्या फांद्या उतरवायची घाई सगळ्यांनाच असते. माझ्या नेहमीच्या दुकानदाराकडे १००० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन नव्हतं, महिना लागेल म्हणाला. आणि त्याच आठवड्यात हा दलाल आला. पन्नाशीचा, बोलायला मऊ, हातात नमुन्यांचं कार्ड. त्याने माझ्यासमोर कापडाचा धागा ओढून काडीने पेटवला, राखाडी मणी करून दाखवला. "नायलॉन आहे ताई. पॉलिस्टर असतं तर काळा धूर निघाला असता." बरोबर होतं. मी आधी १० मीटर कापड आणि बेल्टचं एक बंडल मागवलं. उत्तम माल आला. त्या कापडाच्या पट्ट्या मी आजही जपून ठेवल्या आहेत, आणि पुढे त्याच कामी आल्या.

शंभर पिशव्यांना ४० मीटर कापड पुरलं असतं. पण पूर्ण १०० मीटरचा तागा घेतला तर मीटरमागे ६० रुपये कमी, असं तो म्हणाला. ३४० रुपयांनी कापडाचे ३४,०००, आणि ५०० मीटर बेल्टचे १२,५००. वीस हजार आगाऊ यूपीआयने पाठवले. खात्यावर पेढीचं नाव नव्हतं, कुठल्यातरी माणसाचं होतं. "मालकांच्या मुलाचं खातं आहे," म्हणाला. उरलेले २६,५०० दिल्याशिवाय बिल्टी, म्हणजे माल सोडवायची ट्रान्सपोर्टची पावती, पाठवली नाही. पक्कं बिल मागून येईल असं सांगितलं. ते आजपर्यंत आलेलं नाही.

नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळच्या गोदामातून माल रिक्षाने घरी आला. वरचे वेढे पाहिले, तेच नारिंगी कापड, तीच वीण. आम्ही कामाला लागलो. पहिल्या २० पिशव्या चार दिवसांत गेल्या आणि मुलांनी कौतुक केलं. त्याच सुमारास मावशी कातरताना थांबल्या. "याला रेक्झिनचा वास येतोय गं. आणि कात्री घसरतेय." मी वास घेतला. थोडा येत होता. नवीन मालाला येतो, असं म्हणून मी त्यांना पुढे कापायला सांगितलं. त्या क्षणाला थांबले असते तर निम्मं नुकसान टळलं असतं. बावीस वर्षं कापड हाताळणाऱ्या बाईच्या हाताला कळलं होतं, आणि मी मुदतीकडे पाहत होते.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला त्यानंतरच्या आठवड्यात फोन आला. गंगापूर रोडच्या एका सोसायटीत मोठ्या गुलमोहराचं काम चालू होतं. जास्तीचा दोर भरलेली माझी पिशवी वर बेचक्यात पट्ट्याने अडकवलेली होती. तोडलेली फांदी खाली सोडताना दुसरा दोर त्या पट्ट्यावरून घासत वेगाने गेला. पट्टा वितळून तुटला, आणि पाच किलोची पिशवी जवळजवळ दहा मीटरवरून फरसबंदीवर पडली. खाली फांद्या ओढणारा पोरगा नुकताच पाणी प्यायला बाजूला झाला होता.

मी धावत गेले. पट्ट्याचं टोक हातात घेतलं तर मेणबत्तीच्या थेंबासारखं गोळा झालेलं, काचेसारखं कडक. नायलॉन साधारण २२० अंशांच्या पुढे वितळतं. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे विणलेल्या गोण्यांचं प्लास्टिक, १६५ अंशांच्या आसपासच हार मानतं, आणि धावत्या दोराच्या घर्षणाने तेवढी उष्णता सहज होते. पिशवी उलटी केली तर आतलं पांढरं कोटिंग पापुद्र्यांनी सुटून दोराला चिकटलं होतं. तो दोर त्या मुलाने कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवला. दोन दिवसांचा रोज बुडाला, मला एक शब्द बोलला नाही.

घरी येऊन बादलीत पाणी घेतलं. पाचही बंडलांतून वीतभर तुकडे कापले, साबणाच्या पाण्यात चांगले पिळून आतली हवा काढली आणि बादलीत टाकले. पहिल्या बंडलाचा उरलासुरला तुकडा तळाला गेला. बाकी चार तरंगत राहिले. नायलॉन आणि पॉलिस्टर पाण्यापेक्षा जड, पॉलिप्रॉपिलीन हलकं. एवढीशी परीक्षा, एका बादलीची. आधी केली असती तर!

कापडाचा घोळ उलगडायला मात्र वेळ लागला. ओळखीच्या सोनारांकडे सराफ बाजारात गेले. जुन्या आणि नव्या कापडाचा दहा बाय दहा सेंटीमीटरचा एकेक तुकडा त्यांच्या काट्यावर ठेवला. जुना ३.३ ग्रॅम, नवा ३.२. शंभराने गुणलं की चौरस मीटरचं वजन मिळतं. दोन्ही जवळजवळ सारखेच! मी चक्रावले. मग लक्षात आलं की वजन धाग्याचं नसून मागच्या पीव्हीसीच्या, म्हणजे रेक्झिनसारख्या प्लास्टिकच्या, थराचं असू शकतं. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. म्हणजे १००० डेनियरचा नऊ मीटर धागा एक ग्रॅम भरायला हवा. रात्री मावशी आणि मी दिव्याखाली बसलो, सुईने एकेक धागा सोडवला, नखाने कोटिंग खरवडलं. पंचवीस सेंटीमीटरचे ३६ धागे जुन्या पट्टीतून, ३६ नव्यातून. दुसऱ्या दिवशी काट्यावर जुने १.०४ ग्रॅम भरले, नवे ०.६३. शिवाय नव्या धाग्याला काडी लावली तर काळा धूर आणि काळा मणी. ६०० डेनियरचं पॉलिस्टर, मागे जाड लेप देऊन वजन सारखं केलेलं.

तेव्हा कुठे उरलेला तागा अंगणात पूर्ण उलगडला आणि मापला. कापलेलं धरून ९२ मीटर भरला. पहिल्या २० पिशव्या अजून टिकून होत्या, त्यांना आठ मीटर लागले होते. म्हणजे वरचे आठ मीटर नायलॉन, आणि त्याखाली सफाईने जोड देऊन गुंडाळलेलं दुसरंच कापड. बेल्टचंही तसंच, वरचं बंडल खरं. हे चुकून झालेलं नाही. कुणीतरी बसून, विचार करून तो तागा गुंडाळला होता.

दलालाला फोन केला. आधी म्हणाला, "ताई, तुमचा गैरसमज होतोय." मग म्हणाला, "कापड कापलंय ना? आता कसं परत घेणार?" त्यानंतर फोन बंद.

वकिलांना भेटले तेव्हा त्या "कापलंय ना" या वाक्याचा अर्थ कळला. माल विक्री अधिनियम १९३० च्या कलम १७ प्रमाणे नमुन्यावरून विकलेला माल नमुन्यासारखाच असावा लागतो, आणि ताडून पाहायला खरेदीदाराला वाजवी संधी मिळायला हवी. पण कलम ४२ असं सांगतं की विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असं काही आपण मालाचं केलं की आपण तो स्वीकारला असं धरलं जातं. कात्री लावली की माल परत करायचा मार्ग अवघड होतो, मग उरते भरपाईची मागणी. त्या माणसाला हे नक्की ठाऊक होतं. म्हणून तर वरचे आठ मीटर खरे ठेवले होते, निदान एवढी कात्री तरी निःशंक मनाने चालावी म्हणून.

स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते, असंही वकील म्हणाले. पण बिल? त्याने व्हॉट्सॲपवर जीएसटी क्रमांक तेवढा पाठवला होता. तो पंधरा अक्षरी क्रमांक मी जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला. पेढी महाराष्ट्रातली सांगत होता, तर क्रमांक २७ने सुरू व्हायला हवा होता. तो ०७ने सुरू होत होता, म्हणजे दिल्ली. नाव निघालं तिसऱ्याच पेढीचं. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि फुकट आहे, मी ती पैसे पाठवल्यावर केली. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा असतो, म्हणजे खात्यातली रक्कम थांबवता येण्याची शक्यता असते. मी केला तेव्हा सात आठवडे उलटले होते. पोलिसांत अर्ज दिला आहे. पैसे मिळालेले नाहीत.

आता माझ्याकडे कुठलाही तागा आला की अंगणात शेवटपर्यंत उलगडतो. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन तुकडे कापायच्या आधी नमुन्याशेजारी ठेवून फोटो काढतो. बेल्टच्या प्रत्येक बंडलाचा तुकडा बादलीत जातो. उलगडायला दुकानदार नाही म्हणाला तर मी माल घेत नाही. आणि मावशींनी कात्री थांबवली की काम थांबतं.

खराब पिशव्या ४४ होत्या. घरोघर, कामाच्या जागी जाऊन ३९ परत आणल्या, सगळ्या उसवून टाकल्या. पाच सापडत नाहीत. त्या मुलांकडून पुढे दुसऱ्या कुणाकडे गेल्या. पिशवी नारिंगी आहे, काठात काळी ठिबकची नळी आहे, तळाला चार आयलेट आहेत. आतून उलटी करून पाहा. आत पांढरा, चकचकीत, रेक्झिनसारखा थर असेल आणि बेल्टचं सुटं टोक पाण्यात तरंगत असेल, तर आजच तिच्यातला दोर काढा, धुवा, बोटांनी इंच इंच चाचपून बघा. पिशवी ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडे परत द्या, ती माझ्यापर्यंत पोचेल. बदल्यात नवी पिशवी शिवून तयार ठेवली आहे, पाचही जणांसाठी.