साडेअकरा मिलिमीटर: गोल्फच्या हिवाळी टायरचा सहा महिन्यांचा अनुभव

जानेवारी 2024 मध्ये आमच्या फोक्सवॅगन गोल्फ गाडीने म्युनिकहून आल्प्सच्या पायथ्याच्या गार्मिशला जाताना बर्फाच्या चिखलाखाली दडलेल्या खड्ड्यात पुढचे उजवे चाक आदळले आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या बाजूच्या भिंतीवर अर्ध्या लिंबाएवढा फुगा आलेला दिसला. असा टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी घेतलेला तो 225/45 R17 आकाराचा (225 मिलिमीटर रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या 45 टक्के, रिम 17 इंची) टायर मुळातच मला महाग वाटला होता. तरीही घेतला, कारण वर्कशॉपमधल्या माणसाने नोंदणीपत्र पाहून ‘तुमच्या गाडीला हाच आकार चालतो’ असे ठामपणे सांगितले होते.

हे चुकीचे होते, आणि त्याचा राग मला अजूनही आहे. जर्मन नोंदणीपत्राच्या 15.1 आणि 15.2 या रकान्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी एकेकच आकार छापलेला असतो. गाडीला मान्य असलेले इतर आकार निर्मात्याच्या सीओसी प्रमाणपत्रात, म्हणजे गाडी मान्य नमुन्याप्रमाणे असल्याच्या दाखल्यात, असतात. ते प्रमाणपत्र आमच्या फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून होते आणि त्यात 205/55 R16 व 195/65 R15 हे दोन्ही आकार स्पष्ट लिहिलेले होते.

मग मी कागद घेऊन आकडेमोड केली. 225/45 R17 चाकाचा व्यास सुमारे 634 मिलिमीटर येतो, 205/55 R16 चा सुमारे 632. म्हणजे स्पीडोमीटरला जाणवेल असा फरक नाही. पण टायरच्या भिंतीची उंची पहिल्यात 101.25 आणि दुसऱ्यात 112.75 मिलिमीटर आहे. रिम आणि खड्डा यांच्यामध्ये साडेअकरा मिलिमीटर जास्त रबर आणि हवा, तीही कमी पैशात, हे पाहिल्यावर माझा निर्णय झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये जुन्या लोखंडी रिमवर 205/55 R16 91H बसवले. 91 म्हणजे प्रत्येक टायरला 615 किलो भार आणि H म्हणजे ताशी 210 किलोमीटर, आणि हे दोन्ही आमच्या गाडीला पुरेसे आहे. रिम जुन्या घेताना मात्र 5×112 ही बोल्टची मांडणी, मधल्या भोकाचा 57.1 मिलिमीटर व्यास आणि ऑफसेट (रिमच्या मध्यापासून बोल्ट बसतात त्या पृष्ठभागाचे अंतर) हे तिन्ही जुळवून घेतले.

पहिले तीन आठवडे मला पश्चात्ताप झाला. कोरड्या रस्त्यावर, दहा-बारा अंश तापमानात, महामार्गावरून बाहेर पडणाऱ्या वळणावर गाडी स्टिअरिंगला उशिरा प्रतिसाद देत होती, कारण भिंत उंच म्हणजे ती वाकतेही जास्त.

डिसेंबरमध्ये मत बदलले. अर्धवट वितळलेल्या बर्फात 225 रुंदीचे टायर थोडे वर उचलल्यासारखे वाटत आणि माझे हात घट्ट होत. 205 ला समोरचा चिखल कमी सारावा लागतो, त्यामुळे तो खाली रस्त्यापर्यंत पोहोचतो. ऑस्ट्रियातल्या फेर्नपास घाटातून गेलो तेव्हा तर बर्फात चाकांवर चढवायच्या साखळ्याही सोबत नेता आल्या, कारण माहितीपुस्तिकेत त्यांची परवानगी अरुंद आकारांनाच आहे. ज्यांची गाडी शहरातल्या साफ केलेल्या रस्त्यांवरच फिरते, त्यांना रुंद टायरने काही बिघडणार नाही, उलट कोरड्यात तो थोडा बरा. त्यांचे जातील ते फक्त पैसे. इकडे नव्याने आलेली आपली मंडळी मोठ्या अलॉय रिमची जुनी गाडी घेतात आणि त्याच आकाराचे हिवाळी टायर मागतात, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले. टायरवर डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह मात्र हवेच. ऑक्टोबर 2024 पासून इथे जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर नुसते एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) हे जुने चिन्ह चालत नाही.

फेब्रुवारीत त्याच रस्त्यावर गाडी पुन्हा एका खड्ड्यात आदळली, आवाज तितकाच मोठा झाला. घरी येऊन चारही टायर आतून-बाहेरून हात फिरवून तपासले. भिंती सपाट होत्या. ईस्टरनंतर चाके उतरवली तेव्हा नवे असताना आठ मिलिमीटर खोल असलेली टायरची खाच पुढे सात आणि मागे साडेसात भरली, म्हणून पुढच्या ऑक्टोबरमध्ये मागची चाके पुढे लावायची असे त्यांच्यावर खडूने लिहून ठेवले आहे.