आठवडाभर होडीतच मुक्काम: ‘वेफेअरर’ कितपत सोयीची?

दोन माणसं, सात रात्री आणि झोपायलाही तीच होडी, असा बेत असेल तर ब्रिटनमध्ये वेफेअररचं नाव हमखास निघतं, आणि ते उगाच नाही. इयन प्रॉक्टर यांनी १९५७ साली आखलेली ही उघडी शिडाची होडी, लांबी ४.८२ मीटर, रुंदी १.८६ मीटर. हौशी दर्यावर्दी फ्रँक डाय १९६३ मध्ये हिच्यातून स्कॉटलंडहून आइसलँडला गेले. त्यावरून कोणी खोल समुद्राचे मनसुबे रचू नयेत. खाड्या, बेटांचा आडोसा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जाणं, हे हिचं खरं काम.

मुक्कामासाठी हिची जुनी, पहिली आवृत्ती म्हणजे मार्क १ बरी. नव्या मार्क ४ ला दुहेरी तळ आहे, त्यामुळे आत आलेलं पाणी आपसूक निघून जातं. शर्यतीला ते उत्तम, पण तळ वर आल्याने रात्री तंबूत बसायला उंची कमी पडते. मार्क १ मध्ये पाणी तळफळ्यांखाली साचतं. ते उपसावं लागतं खरं, पण फळ्यांवरचं अंथरूण कोरडं राहतं. मधल्या सेंटरबोर्डच्या (होडी आडवी सरकू नये म्हणून पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या) खोक्याच्या दोन बाजूंना दोघांनी झोपायचं, डोकं मागे, पाय आडव्या बाकाखाली. ऐसपैस कूस बदलायची सवय असलेल्यांनी आधी घराच्या अंगणात एक रात्र झोपून पाहावं.

तंबू बूमवरून, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्यावरून टाकायचा. बूम जितकी वर उचलता येईल तितकी उचलावी. तंबूची खालची कड होडीच्या काठाच्या बाहेरून, काठाला लावलेल्या घासपट्टीच्या खाली ताणून बांधायची. आत खोचली तर सगळा पाऊस थेट गादीवर. दोन्ही टोकांना १०-१५ सेंटिमीटर फट हवीच, नाहीतर सकाळी श्वासाचीच वाफ छतावरून ठिबकते.

स्टोव्ह स्पिरिटचा घ्यावा. गॅस हवेपेक्षा जड; गळला तर तळाशी साचून राहतो आणि पुढची काडी महागात पडते. स्पिरिटची ज्योत मात्र उन्हात दिसत नाही, म्हणून बर्नर पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा भरू नये. दोघांना आठवड्याला दीड लिटर पुरतं. स्वयंपाक करताना तंबूचं एक टोक सताड उघडं ठेवा. पिण्या-रांधण्याला माणशी रोज ३ ते ४ लिटर पाणी धरा. पाच-पाच लिटरचे चार कॅन खोक्यालगत तळाशी ठेवून दर दोन-तीन दिवसांनी भरून घ्यायचे. वीस लिटरचा एकच कॅन नको: घरंगळला तर होडी कलते, फुटला तर सगळंच गेलं.

आता खरा घोळ, भरती-ओहोटीचा. भांगापासून (पाणी सगळ्यात कमी चढतं ते दिवस) उधाणापर्यंत (सगळ्यात जास्त चढतं ते दिवस) साधारण आठवडा लागतो, म्हणजे सहलीच्या पहिल्या दिवसाचं पाणी शेवटच्या दिवशी राहत नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टस्मथला भांगात पाणी जेमतेम २ मीटर चढतं, उधाणात जवळपास ४. कोकणातला तिथीचा हिशोब इथेही चालतो. फक्त पौर्णिमा-अमावास्येनंतर दीड-दोन दिवसांनी उधाणाचा जोर येतो. दोन मीटर पाण्यात नांगर टाकला आणि वर चार मीटर चढणार असेल, तर सहाच्या पाचपट म्हणजे ३० मीटर दोर सोडायला हवा, पुढे ३-४ मीटर साखळी. याहून कमी दोर घेऊन निघालात तर मध्यरात्री होडी फिरायला निघते.

सामान भरलेली वेफेअरर ३-४ नॉटच्या (ताशी ३-४ सागरी मैलांच्या) वर फारशी जात नाही. रोज १५ ते २० सागरी मैलच धरा आणि सातपैकी दोन दिवस वाऱ्यापावसासाठी मोकळे ठेवा. जोराच्या वाऱ्यात शीड आवळून लहान करायच्या दोन पायऱ्या असाव्यात आणि ते काम निघण्याआधीच किनाऱ्यावर करावं. चालू होडीत वारा वाढल्यावर करू म्हणणाऱ्यांचं बहुधा राहूनच जातं.

नुसता सांगाडाच १६९ किलोचा, त्यामुळे भरलेली होडी दोघांना वाळूवर ओढता येत नाही. हवेचे दोन रूळ सोबत हवेतच. ते डोलकाठीपुढे मावतात. ओहोटीत चिखलावर टेकली तर ती बऱ्यापैकी सरळ बसते, फक्त खाली दगड नाही ना हे दिवसाउजेडी बघून ठेवा. गोट्यांच्या किनाऱ्यावर खोक्याच्या फटीत खडा अडकतो आणि सेंटरबोर्ड खाली येईना होतो. निघताना उथळ पाण्यातच तो एकदा वर-खाली करून पाहावा.

जुनी विकत घेताना रंगापेक्षा पुढच्या-मागच्या कप्प्यांची झाकणं तपासा. उलटलेल्या होडीला तेच कप्पे तरंगत ठेवतात. रबराची पट्टी कडक झाली असेल तर बदलायची, झाकणाचे पट्टे ओढून बघायचे आणि नळीने पाण्याचा जोरदार फवारा मारून आत ओल येते का ते पाहायचं. सामान तरीही पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांतच भरावं, कारण झाकण गळालं तरी हवेने भरलेल्या पिशव्या कप्पा पूर्ण बुडू देत नाहीत.