आयपी घेऊ की मार्टिंडेल?

मिरजेत औषधांचं दुकान टाकणारा भाचा विचारतो, "मामा, मलम-मिश्रणं करायची तर इंडियन फार्माकोपिया घेऊ की मार्टिंडेल?"

इंडियन फार्माकोपिया, म्हणजे आयपी, हा औषधांच्या दर्जाचा सरकारी ग्रंथ; मार्टिंडेल हा औषधांच्या वापराची माहिती देणारा. खर्चात दोन्ही भारीच. आधी सांगलीतल्या फार्मसी कॉलेजच्या ग्रंथालयात बसून चाळ.

कायद्यात वजन आयपीचं. 1940 च्या औषध कायद्याखाली दर्जा त्यावरच ठरतो. सॅलिसिलिक ॲसिडचा डबा उघडलास, तर पावडर कशी ओळखायची, शुद्धता किती हवी, ते तिथे मिळेल. पण ते लहान बाळाला किती चालेल, कातडीतून रक्तात उतरतं का, हे मार्टिंडेल सांगतं. 1883 पासून चालत आलेला लंडनचा ग्रंथ; मात्र ब्रँडची नावं जगभरची, आपल्या कामाची थोडीच.

खरी अडचण टिकण्याची. बाळासाठी फ्युरोसेमाइडची (लघवी वाढवणाऱ्या औषधाची) गोळी खलात घोटून पातळ औषध केलं, बाटलीवर तारीख काय टाकणार? गोळीच्या पाकिटावरची तर मुळीच नाही! तिथे दोन्ही ग्रंथांवर भागत नाही. अमेरिकन फार्माकोपियाचा 795 वा अध्याय बघ: परिरक्षक (खराब होऊ न देणारा पदार्थ) नसलेलं पाण्यातलं औषध, फ्रीजमध्ये, जास्तीत जास्त 14 दिवस.

कच्चा माल तपासून घेणार असशील तर आयपी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एकेक बाटली करून देणार असशील, तर आधी मार्टिंडेल.