चाचणीच्या नोंदी कुठे ठेवाव्यात: सीएसव्ही, एसक्यूलाइट, सर्व्हर की तयार सॉफ्टवेअर?

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या अनेक लहान कारखान्यांत पार्टच्या चाचणीची नोंद अजूनही सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलीत होते, आणि ग्राहक कंपनीचा ऑडिटर एखाद्या सीरियल नंबरचा दोन वर्षांपूर्वीचा निकाल मागेपर्यंत त्यात कुणाला काही खटकत नाही. आता डेटाबेसकडे वळू पाहणाऱ्यांनी वेगाच्या तुलनेत फार वेळ घालवू नये. अर्ध्या मिनिटाला एक पार्ट तपासणाऱ्या लीक टेस्ट बेंचला (गळती तपासणाऱ्या स्टेशनला) बाजारातला कोणताही डेटाबेस पुरून उरतो. चाचणी चालू असताना लॅनची केबल निघाली किंवा वीज गेली, तर नोंदीचे काय होते, यावरून निवड करावी.

सीएसव्ही सोपी आहे, पण सुपरवायझरने चालू शिफ्टची फाइल एक्सेलमध्ये उघडून ठेवली की चाचणीच्या प्रोग्रॅमला पुढची ओळ लिहिता येत नाही. त्याहून घातक म्हणजे एक्सेल सीरियल नंबरच्या सुरुवातीची शून्ये गाळते, १५ पेक्षा जास्त अंकी नंबरातले पुढचे अंक शून्य करते, आणि कुणी सवयीने ‘सेव्ह’ दाबले की मूळ नोंदच बिघडते.

एसक्यूलाइटला (एकाच फाइलीत राहणाऱ्या डेटाबेसला) वेगळा सर्व्हर लागत नाही, परवाना लागत नाही आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसोबत ते आपोआप मिळते. एका पार्टची सगळी मोजमापे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिली, तर मध्येच वीज गेल्यावर ती एकतर पूर्ण राहतात किंवा मुळीच राहत नाहीत. अर्धवट नोंद उरत नाही. मात्र त्यात एका वेळी एकालाच लिहिता येते, आणि चार बेंचनी मिळून शेअर केलेल्या फोल्डरमधली एकच फाइल वापरणे धोक्याचे आहे, कारण नेटवर्कवर फाइलचे लॉकिंग (एकजण लिहीत असताना इतरांना थांबवणे) भरवशाचे नसते.

अनेक बेंच असतील तर डेटाबेसचा सर्व्हर हवाच. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस फुकट आहे, पण २०२२ च्या आवृत्तीपर्यंत त्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. केवळ निकाल ठेवले तर ही जागा दीर्घकाळ पुरते; प्रत्येक पार्टचा दाबाचा पूर्ण आलेख टेबलात कोंबला तर पुरत नाही, म्हणून आलेख वेगळ्या फाइलीत ठेवून डेटाबेसात फक्त तिचा पत्ता लिहावा. एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी कामे चालवणारा एजंट नसल्याने बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरवर लावावा लागतो. (तो या पट्ट्यातल्या गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला लावू नये; त्या दिवशी संगणकच बंद असण्याची शक्यता जास्त.) पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सर्व्हरला अशी मर्यादा नाही आणि शुल्कही नाही, तरीही कारखान्याचे ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब सांभाळणारे सॉफ्टवेअर) आधीच एसक्यूएल सर्व्हरवर चालत असेल, तर सांभाळणारा माणूस हाताशी आहे एवढ्या कारणासाठी मी एक्सप्रेसच निवडेन.

सर्व्हरचा दोष असा, की बेंच थेट तिथे लिहीत असेल तर नेटवर्क गेल्यावर एकतर लाइन थांबते किंवा निकाल हरवतो. यासाठी बेंचने आधी स्वतःच्या एसक्यूलाइट फाइलीत लिहावे आणि एका छोट्या प्रोग्रॅमने त्या नोंदी सर्व्हरकडे पाठवाव्यात, ही रचना मला सर्वांत पटते. प्रत्येक नोंदीला स्टेशनच्या कोडसह स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि सर्व्हरवर तो युनिक ठेवावा, म्हणजे तीच नोंद पुन्हा पाठवली गेली तरी दुसऱ्यांदा शिरणार नाही.

टेस्टस्टँड या चाचण्या चालवणाऱ्या तयार सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेसात नोंदवण्याची सोय तयारच असते आणि टेबलांचा आराखडाही सोबत मिळतो. चाचण्या गुंतागुंतीच्या असतील आणि पायऱ्या वारंवार बदलत असतील, तर त्याचा खर्च वसूल होतो. पण प्रत्येक स्टेशनला परवाना लागतो, आणि आराखडा सर्वसाधारण असल्यामुळे एका पार्टचा निकाल काढायला अनेक टेबले जोडावी लागतात. चाचणी संपल्यावरच नोंद करायची की पायरीगणिक, हे त्यात ठरवता येते; लांबलचक एन्ड्युरन्स (टिकाऊपणाच्या) चाचणीसाठी पायरीगणिक नोंद घ्यावी. दोन-तीन ठरलेली मोजमापे घेणाऱ्या बेंचसाठी मात्र लॅबव्ह्यू किंवा पायथनमधला स्वतःचा प्रोग्रॅम पुरेसा आहे.

कोणताही पर्याय घेतला तरी मोजलेल्या मूल्याशेजारी त्या क्षणी लागू असलेली खालची व वरची मर्यादा, एकक आणि प्रोग्रॅमची आवृत्ती यांचे रकाने पहिल्याच दिवशी ठेवावेत. ड्रॉइंग सुधारले की मर्यादा बदलतात, आणि मग जुना पार्ट कोणत्या निकषावर पास झाला हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही.