ऑडिओबुकचा निवेदक आवडला नाही, म्हणजे नेमकं काय खटकलं?

एकाच ऑडिओबुकला एक जण पाच तारे देतो आणि दुसरा एक. बऱ्याचदा दोघांचंही म्हणणं बरोबर असतं. ‘आवाज आवडला नाही’ या तक्रारीत वाचन, ध्वनिमुद्रण आणि ऐकण्याचा वेग अशा तीन गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि शेवटच्या दोन काही अंशी ऐकणाऱ्याला सुधारता येतात.

आधी वेग. इंग्रजी निवेदक साधारणपणे मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द वाचतो, म्हणजे नव्वद हजार शब्दांचं पुस्तक दहा तासांचं होतं. १.२५ पटीनं ऐकलं तर ते आठ तासांत संपतं. ॲप वेग वाढवताना आवाजाची पट्टी तीच ठेवतं, पण शब्दांबरोबर विरामही आखडतात. म्हणून संथ, सपाट वाचणारा निवेदक १.२ ते १.३ पटीत चांगला वाटू लागतो. विरामांवर प्रसंग तोलणारा मात्र त्याच वेगात घाईघाईत उरकतोय असं वाटतं. कथा-कादंबरीचं मत मूळ वेगात किमान एक प्रकरण ऐकूनच बनवावं. ‘शांतता वगळा’ ही सोय त्या वेळी बंदच ठेवा.

स, श टोचत असतील तर इक्वलायझरमध्ये, म्हणजे आवाजातले बारीक-जाड सूर वेगवेगळे कमी-जास्त करण्याच्या सोयीत, ५ ते ८ किलोहर्ट्झचा पट्टा थोडा खाली आणा. वाक्याचा शेवट ऐकू येत नाही आणि आरडाओरडा कानठळ्या बसवतो, अशा वेळी हळू-मोठा आवाज एका पातळीवर आणणारी ‘व्हॉइस बूस्ट’सारखी सोय उपयोगी पडते. पण मधलंच एखादं वाक्य वेगळ्या खोलीतून आल्यासारखं वाटतं, ते चूक नंतर दुरुस्त करताना माइकचं अंतर बदलल्यामुळे. त्यावर श्रोत्याकडे इलाज नाही आणि अशा जागा वारंवार आल्या, तर तारे खुशाल कापावेत.

खरी परीक्षा संवादांची. स्त्रीपात्रासाठी पुरुष निवेदकानं नुसती पट्टी चढवली की ते पात्र हास्यास्पद होतं, आणि याबद्दलचा श्रोत्यांचा राग मला पूर्ण रास्त वाटतो. जाणता निवेदक पट्टी फारशी न हलवता लय, श्वास आणि शब्दांवरचा जोर बदलतो. ‘तो म्हणाला’ येण्याआधीच कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. पात्रं बारा-पंधरा झाली की आवाज निसटू लागतात, आणि तिसऱ्या प्रकरणातला म्हातारा विसाव्या प्रकरणात तरुण होतो. अनेक कलाकारांच्या निर्मितीत हा घोळ टळतो, पण तिथे पार्श्वसंगीत शब्दांवर चढलं की सगळंच फुकट. वैचारिक पुस्तकात अभिनय नको, अर्थ कळून वाचणारा माणूस हवा. लांब वाक्यात जोर चुकीच्या शब्दावर पडला की पूर्ण परिच्छेद पुन्हा ऐकावा लागतो. लेखकानं स्वतः वाचलेलं आत्मकथन मात्र आवाज कच्चा असला तरी मला जास्त पटतं.

विकत घेण्याआधी ऐकता येणारा नमुना बहुधा पुस्तकाच्या सुरुवातीचा असतो, आणि तिथे वर्णनच जास्त. त्यावरून संवादांचा अंदाज येत नाही, म्हणून त्याच निवेदकाच्या दुसऱ्या एखाद्या पुस्तकाचा नमुनाही ऐकावा. घेण्यापूर्वी आवृत्ती संक्षिप्त आहे की संपूर्ण, हेही बघा. ‘कथा तुटक वाटली’ या तक्रारीमागे कधी कधी तेवढंच कारण असतं. तक्ते-नकाशे असलेल्या पुस्तकाला पीडीएफ जोडलेली नसेल, तर छापील प्रतच घ्यावी.

यंत्रानं तयार केलेलं वाचन आता इतकं सफाईदार असतं की नमुन्यात फरक लक्षात येत नाही. मराठीत मात्र ते च, ज, झ या अक्षरांपाशी अडखळू शकतं, कारण त्यांचे दोन-दोन उच्चार लिपीत वेगळे दाखवलेले नसतात. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च एकसारखाच ऐकू आला, तर पुढचे दहा तास तेच ऐकावं लागणार.