दांडिया बाजारातलं प्लायचं दुकान : फाइल मागा, काढून देतात

बडोद्यात एफआर, म्हणजे फायर रिटार्डंट, आग लवकर न धरणारा प्लाय विकणारे पुष्कळ आहेत आणि “बेन, आ बळे ज नहीं” (ताई, हा जळतच नाही) म्हणणारेही तितकेच. या दुकानाचे शेठ पहिल्याच वाक्यात म्हणाले, “बळशे तो खरुं, पण मोडुं बळशे.” जळेल, पण उशिरा. एवढं ऐकल्यावर मी स्टूल ओढून बसले.

मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. क्लास घरातच, वरच्या मजल्यावर, आणि घर जुनं, तुळया-फळ्यांचं. २४ मे २०१९ ला सुरतेत तक्षशिला आर्केडच्या आगीत क्लासची २२ मुलं गेली. तेव्हापासून नवे पालक आधी बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे ते बघतात, मग फी विचारतात. मागच्या अंगाला लोखंडी जिना केलेलाच आहे. आता दोन खोल्यांमधलं पार्टिशन नि भिंतीची पॅनेलिंग बदलायची होती.

तर फाइल. शेठच्या मुलाने गल्ल्यामागच्या कपाटातून चाचणी रिपोर्टांची जाडजूड बॉक्स फाइल काढली, ब्रँडवार लावलेली. एफआर प्लायच्या शीटवरचा आयएस (भारतीय मानक) ५५०९ चा शिक्का आणि फाइलमधला कागद त्याने शेजारी शेजारी धरून दाखवला. आयएस ३०३ म्हणजे साधा कमर्शियल, ७१० म्हणजे मरीन. पाण्याला दाद न देणारा मरीन प्लाय आगीलाही तसाच, असं आमच्या मिस्त्रींसकट निम्मं गाव धरून चालतं. त्या दोन्ही मानकांचा आगीशी काही संबंध नाही. ५५०९ मात्र आगीचंच बघतं : ज्योत आरपार जायला दर ६ मि.मी. जाडीमागे किमान १५ मिनिटं लागली पाहिजेत, आणि नमुन्याचं वजन ३० टक्के घटल्यापासून ७० टक्के घटेपर्यंत किमान २० मिनिटं. हे सगळं फॉस्फेट-बोरेटसारख्या क्षारांच्या जोरावर. फॉस्फेट तापलं की आम्ल तयार होतं, ते लाकडातल्या सेल्युलोजमधलं पाणी काढून घेतं आणि वर कोळशाचा थर धरतो. जळाऊ वायू कमी सुटतात. वर्गात मी हे फळ्यावर काढून दाखवते, पण दुकानदाराच्या तोंडून “कोलसो थाय एटले बचे” हे ऐकायला मजा आली.

परदेशी पॅनेल्सच्या कागदांवर मात्र नीट लक्ष द्या, गिऱ्हाईक फसतं ते इथेच. एका कागदावर बीएस ४७६ पार्ट ७ हे ब्रिटिश मानक, क्लास १ : दहा मिनिटांत ज्योत १६५ मि.मी.च्या पुढे सरकली नाही. दुसऱ्यावर एएसटीएम ई८४, क्लास ए. ही अमेरिकन बोगद्यातली चाचणी, तीही दहा मिनिटांचीच, पण मोजपट्टी वेगळी : सिमेंट बोर्ड शून्य, रेड ओकचं लाकूड १००, आणि २५ पर्यंत ए. क्लास १ म्हणजेच क्लास ए असं काही नाही. भट्टी वेगळी, नमुना वेगळा. शिवाय ई८४ मध्ये धुराचा आकडा ४५० पर्यंत गेला तरी क्लास ए मिळतो. धुराच्या मोजपट्टीवरही रेड ओक १०० च. म्हणजे ओकच्या साडेचारपट धूर सोडणाराही पहिल्या वर्गात पास! अशा पेपरसेटरला मी बोर्डावर घेणार नाही. मला युरोपची पद्धत पटते. तिथे ए१ ते एफ हा वर्ग, त्यापुढे धुरासाठी एस१ ते एस३ आणि जळते थेंब गळतात का यासाठी डी०, डी१, डी२. मुलं आधी धुरानेच गुदमरतात, तेव्हा तो आकडा वेगळा दिसलाच पाहिजे. पीव्हीसी पॅनेल मी नाकारले ते यासाठीच. वजनाच्या निम्म्याहून जास्त क्लोरीन असल्यामुळे ते सहज पेटत नाहीत, पण जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतात.

शेठनी स्वतःहून सांगितलेली एक गोष्ट मला कुठल्याच शोरूममध्ये ऐकायला मिळाली नव्हती. फाइलमधला रिपोर्ट त्या जाडीच्या उघड्या शीटचा. त्यावर सनमायका, फोम आणि कापड डकवलं की तो कागद त्या भिंतीचा राहत नाही. शिवाय एफआर प्लायची भिंत उभी केली म्हणजे अर्धा-एक तास आग अडवणारी भिंत झाली असंही नाही. त्यासाठी सांगाडा, भराव, सांधे यांसकट अख्खी भिंत भट्टीला लावून तपासलेली लागते. म्हणून पार्टिशनला त्यांनी जिप्सम बोर्ड सुचवला, दोन्ही बाजूंनी, मध्ये रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर). जिप्सममध्ये सुमारे २१ टक्के पाणी बांधलेलं असतं. ते उडून जाईपर्यंत मागची बाजू शंभर अंशांच्या आसपास अडून राहते. मला हे पटवायची गरजच नव्हती, पण यात प्लायची विक्री बुडत होती आणि तरी ते बोलले, याचे मार्क द्यायला हवेत. फक्त पॅनेलिंगला एफआर प्लाय घेतला.

आता कुरकुर. बिलावर नुसतं “एफआर प्लाय” लिहून देत होते. मानकाचा नंबर लिहायला लावला तेव्हा मुलाचं तोंड जरा वाकडं झालं. शीटा आणायला लावलेल्या टेम्पोवाल्याने वरच्या मजल्याची हमाली ऐनवेळी वाढवली आणि दुकानाने हात वर केले. स्क्रूंबद्दलही कुणी बोललं नाही. क्षारांमुळे हा प्लाय दमट हवेत ओल धरतो आणि साधे स्क्रू गंजतात, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर काम काढणार असाल तर गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आधीच मागून घ्या. भाव साध्या प्लायपेक्षा चांगलाच चढा आहे आणि घासाघीस फारशी चालत नाही.

पाचापैकी चार. सूरसागर तलावाच्या बाजूने चालत जा, गाडी लावायला जागा नाही. दुपारी शेठ जेवायला घरी जातात, आणि तेव्हा फाइलचं कपाट बंद असतं.