वर्सोव्याला खोली नव्हतीच

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझा जोडीदार मुंबईत 25,000 रुपयांना फसलो. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्या दोन दिवसांत जी भीती पोटात घेऊन फिरलो ती दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून सगळं तपशिलात लिहितो आहे. सांगली, लातूर, जळगावसारख्या गावांतून पहिल्यांदाच मुंबईला मोकळेपणाने दोन दिवस राहायला निघालेल्यांनी हे जरूर वाचावं.

आम्ही सांगलीचे, दोघेही पुरुष. सात वर्षं एकत्र आहोत, पण तेव्हा घरी माहीत नव्हतं. एकदा तरी अशा ठिकाणी जायचं जिथे एकमेकांचा हात धरून बसता येईल, एवढीच इच्छा होती. शोधायला लागल्यावर पहिली अडचण कळली. लंडनचं सोहो किंवा बँकॉकचं सिलोम म्हटलं की आपल्या लोकांचे, म्हणजे समलैंगिकांचे, बार कुठल्या गल्लीत आहेत ते कुणीही सांगतं. मुंबईत तशी गल्ली नाही. वांद्रे, अंधेरी, लोअर परळ, कुलाबा ही नावं ऐकू येतात, पण एखाद्या पबमध्ये एखादी रात्र ठरते आणि पुढच्या वेळी जागा दुसरीच असते. कुलाब्याच्या व्हूडू पबमधल्या शनिवारच्या रात्रींबद्दल जुनी मंडळी अजून बोलतात, पण ते कधीच बंद झालं. पार्टीचा पत्ता अगदी शेवटी कळवायचा ही इथली जुनी रीत आहे आणि तिला कारण होतं. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 डोक्यावर होतं, धाडीची भीती खरी होती.

म्हणूनच एका डेटिंग अ‍ॅपवर भेटलेला माणूस "पत्ता इथे आल्यावर देतो" म्हणाला तेव्हा आम्हाला काहीच खटकलं नाही. आम्हाला ते नीटनेटक्या, जबाबदार माणसाचं लक्षण वाटलं.

त्याचं म्हणणं असं: वर्सोव्याला होमस्टे आहे, फक्त आपल्या माणसांसाठी. दोन रात्री राहणं, शनिवारच्या पार्टीची एंट्री आणि शहर दाखवायला एक मित्र, सगळं मिळून दोघांचे 9,500. फोटो सुंदर होते, खिडकीत समुद्र दिसत होता. मराठी छान बोलायचा, मला दादा म्हणायचा. तीन आठवडे रोज बोलणं झालं. त्याने स्वतःच्या घरच्यांचा त्रास सांगितला, मी माझ्या वडिलांबद्दल सांगितलं. आज ते आठवलं की कळतं, तो त्या तीन आठवड्यांत माझं दुखणं कुठे आहे ते चाचपून बघत होता.

मग म्हणाला, सुरक्षेसाठी दोघांच्या आधार कार्डाचे फोटो आणि एकत्र काढलेला एक फोटो पाठवा, नाहीतर कुणीही खोटा माणूस घरात शिरेल. आम्ही पाठवले. 4,000 आगाऊ दिले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर एका बाईचं नाव आलं. विचारलं तर "बहिणीचं खातं आहे" म्हणाला. इथे थांबायला हवं होतं.

शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो, सकाळी दादरला उतरलो, लोकलने अंधेरी आणि तिथून मेट्रोने वर्सोवा. त्याने पाठवलेल्या लोकेशनवर खरोखरच एक सोसायटी होती. वॉचमनने रजिस्टर बघून सांगितलं की असं कुणी इथे राहत नाही. फोन केला तर म्हणाला, "दादा, गेटवर काही बोलू नका, कमिटीचा त्रास आहे. मागच्या बिल्डिंगमध्ये सोय करतो, तिथला मालक 6,000 डिपॉझिट मागतोय, जाताना परत मिळेल." रस्त्यात बॅगा घेऊन उभे होतो, रात्रीच्या प्रवासाने डोकं जड झालं होतं. दिले. या वेळी क्यूआरवर तिसरंच नाव होतं.

अर्ध्या तासाने मेसेज आला. आमचा दोघांचा फोटो, खाली माझं आधार कार्ड. त्यावरच्या वडिलांच्या नावाभोवती आणि घरच्या पत्त्याभोवती लाल गोल. 50,000 मागितले होते, नाहीतर हे सांगलीत गल्लीतल्या सगळ्यांना जाईल.

मी एक शब्द न बोलता 15,000 पाठवले. जोडीदार म्हणत होता, थांब, पण मला फक्त आमच्या घराचा उंबरठा आणि तिथे उभे असलेले आप्पा दिसत होते. पैसे मिळताच त्याने राहिलेले 35,000 मागितले. खंडणी मागणारा एकदा घेऊन थांबत नाही हे मी आधीही ऐकलं होतं. त्या क्षणी ऐकलेलं काही उपयोगी पडत नाही, म्हणून हे आत्ताच वाचून ठेवा.

जोडीदाराने 1930 ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम विचारली. जितक्या लवकर फोन जाईल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आमच्या शेवटच्या 15,000 पैकी 9,000 तसे अडकले आणि पुढे चार महिन्यांनी परत मिळाले. आधीचे 10,000 मात्र काढून घेतलेले होते.

पोलिसांत जायला मी तयार नव्हतो. सांगलीच्या ठाण्यात गेलो तर संध्याकाळपर्यंत घरी कळणार. पण तक्रार स्वतःच्याच गावात द्यावी लागत नाही. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवता येतो. आम्ही मुंबईतच गेलो. समोरच्या हवालदारांनी "तुमचं दोघांचं नातं काय?" असं विचारलं तेव्हा माझा आवाज गेला. जोडीदार म्हणाला, "आम्ही एकत्र आहोत. पण तक्रार खंडणीची आहे." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली खंडणी हा गुन्हा आहे, आणि आपण कोणावर प्रेम करतो हा गुन्हा नाही, हे त्या खुर्चीवर बसून मला पहिल्यांदा पटलं. जायला धीर होत नसेल तर सांताक्रूझ पूर्वेला आपल्या लोकांसाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था आहे, 1994 पासून. तिथे अशा वेळी बोलता येतं.

त्या रात्री दादरच्या एका साध्या लॉजमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने दोघांची आधार कार्डं पाहिली, नावं लिहिली, चावी दिली. दोन पुरुषांनी एक खोली मागितली तर कुणी मान वर करून बघत नाही. ज्या खोलीसाठी आम्ही एवढं सगळं पाठवलं, तशी खोली कुठेही मिळाली असती. मैत्रिणींच्या जोड्यांना आणि विशेषतः तृतीयपंथी व्यक्तींना मात्र काउंटरवर खरोखर त्रास होतो. तृतीयपंथी व्यक्तींनी लक्षात ठेवावं की 2019 च्या कायद्याने त्यांना निवासाची जागा नाकारण्यावर बंदी आहे.

ओळखपत्र दाखवायचं ते काउंटरवर, पोहोचल्यावर. आधी फोटो पाठवायचा नाही. मास्क्ड आधार पाठवला तरी त्यात फक्त पहिले आठ आकडे झाकले जातात, पत्ता तसाच राहतो, आणि आम्हाला धमकी पत्त्याचीच होती. खोलीचे फोटो इंटरनेटवर इमेज सर्चमध्ये टाकून ते मुळात कुठले आहेत ते शोधून बघा. आमचे नंतर शोधले तर गोव्यातल्या एका घराचे निघाले.

रात्री अकराला मी ताईला फोन केला. त्या धमकी देणाऱ्याने सांगण्याआधी मीच सांगावं असं वाटलं. सगळं सांगितलं, नात्यासकट. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आता एक रुपयाही देऊ नकोस. आप्पांचं मी बघते."

मंगळवारी एका अनोळखी नंबरवरून तो फोटो तिला आला. तिने उत्तर दिलं नाही. स्क्रीनशॉट काढला, नंबर दिसेल असा, आणि तक्रारीला जोडायला मला पाठवून दिला.